शिक्षा आणि शिक्षण

संस्कृतांत 'शिक्षा' म्हणजे विद्या. सहा वेदांगांत तिचें स्थान पहिलें, आणि तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या वल्लीला नांवहि तिचेंच. तोच शब्द मराठींत उतरला आणि त्याचा अर्थ दंड झाला. हें स्थित्यंतर कसें घडलें तें भाषाशास्त्रज्ञांनीं सांगावें. पण ज्या समाजानें विद्येचें नांवच माराला दिलें, त्याच्या पंतोजींच्या शाळा कशा असतील याला निराळा पुरावा नको. कुत्र्याच्या बाबतींत तर आपल्या भाषेनें शिकविण्याचा प्रश्नच निकालांत काढलेला आहे. त्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, ही म्हण आपण लहानपणींच पाठ करतों. आणि एखाद्याला बेदम मार बसला म्हणजे 'कुत्र्यासारखा मारला' असें म्हणतों, जणूं कुत्र्याला किती मारावें याचें माप सर्वांना ठाऊकच आहे.

अशा भाषेंत वाढलेल्या वाचकांपुढें श्वानशिक्षणाचे दोन ग्रंथ ठेवण्याचें धाडस मी करीत आहें. पहिला कॉनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याचा. तो १९१० सालीं निघाला, आणि १९५४ मध्यें 'ट्रेनिंग डॉग्ज' या नांवानें इंग्रजींत आला. दुसरा कॅरन प्रायर या अमेरिकन विदुषींचा 'डोण्ट शूट द डॉग'. प्रथमावृत्ति १९८४ ची, सुधारलेली १९९९ ची. दोन्ही ग्रंथ जुने आहेत आणि जाणत्यांच्या वर्तुळांत त्यांची चर्चा होऊन गेली आहे. तरीहि साहित्याच्या मासिकांत त्यांचा परामर्श घ्यावासा वाटला. कारण वरवर ते कुत्र्याविषयीं असले, तरी ज्याच्या हातीं सत्ता आहे त्यानें ती ज्याच्या हातीं नाहीं त्याच्याशीं कसें वागावें, हा दोहोंचा खरा विषय आहे. ज्यांच्या घरीं मुलें आहेत, किंवा कचेरींत हाताखालीं माणसें आहेत, त्यांना हा विषय परका वाटूं नये. माझ्यासारख्या, तीस वर्षें खडू आणि फळा यांच्या संगतींत काढलेल्या माणसाला तर तो फारच जवळचा वाटला. इतका कीं, पुढें थोडें स्वतःविषयींहि लिहावें लागणार आहे.

मोस्टचा ग्रंथ उघडतांना एका कठोर अंमलदाराची गांठ पडणार अशी माझी अपेक्षा होती. ती निम्मीच खरी ठरली. पोलीस खात्यासाठीं कुत्रीं तयार करतां करतां त्याला जें उमगलें तें त्यानें रेखीवपणें मांडलें आहे, आणि पाल्हाळ त्याला मुळींच ठाऊक नाहीं. त्याचा पहिला सिद्धांत असा कीं, कुत्र्याला नीति नाहीं. कर्तव्य, कृतज्ञता, पश्चात्ताप हे शब्द आपण त्याच्यावर लादतों. त्याला कळतो तो एवढाच संबंध, कीं अमुक केलें आणि लगेच सुख झालें, तमुक केलें आणि लगेच दुःख झालें. या 'लगेच' शब्दावर सारी भिस्त आहे. कुत्रा पळाला, अर्ध्या तासानें हांकेसरशीं परत आला आणि धन्यानें त्याला बडविलें. तर धन्याच्या मतें ती पळण्याची शिक्षा असते, कुत्र्याच्या मतें ती परत येण्याची. स्किनरप्रभृति मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगशाळेंत बसून जी गोष्ट पुढें सिद्ध केली, ती या पोलिसानें कवाईतीच्या मैदानावर कित्येक वर्षें आधीं ओळखली होती. हें त्याचें श्रेय कोणी हिरावून घेऊं नये.

कुत्रा 'मनांतून खजील होतो' अशी आपली सर्वांचीच खात्री असते. कान पाडलेले, नजर चुकविलेली, शेपूट पायांत. हा अपराध्याचाच चेहरा, असें आपण म्हणतों. अलेक्झांड्रा होरोविट्झ या विदुषीनें २००९ मध्यें प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. मालकानें कुत्र्याला खाऊ न खाण्याची आज्ञा करावी आणि खोलीबाहेर जावें; परत आल्यावर कुत्र्यानें खाऊ खाल्ला कीं नाहीं हें त्याला कधीं खरें सांगावें, कधीं खोटें. असें दिसून आलें कीं, तो अपराधी चेहरा कुत्र्याच्या कृत्यावर अवलंबून नसतो; मालक रागावला कीं तो दिसतो. इतकेंच नव्हे, तर ज्या कुत्र्यांनीं आज्ञा पाळली होती आणि तरी ज्यांना बोलणीं बसलीं, त्यांच्या ठिकाणीं तो अधिक ठळक दिसला. म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप समजतों ती नुसती भीति, आणि तीहि निरपराध्याचीच जास्त. मोस्टनें हा प्रयोग वाचला असता तर त्यानें समाधानानें मान डोलावली असती.

येथवर माझा त्याच्याशीं वाद नाहीं. वाद पुढें आहे. कुत्र्याच्या जगांत नीति नाहीं असें सांगणारा हा ग्रंथकार थोड्याच पानांनंतर त्या जगांत एक राज्यव्यवस्था पाहूं लागतो. कळपांत वरिष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण हें शारीरिक बळानेंच ठरतें; म्हणून धन्यानेंहि, वेळ पडल्यास झुंज देऊन, आपलें वर्चस्व स्थापिलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें. मग छडी येते, आंतून कांटे असलेला गळपट्टा येतो, आणि कुत्रा पुरता नमेपर्यंत हात आवरूं नये असा उपदेश येतो. शैली मात्र तीच, थंड आणि रेखीव. कुत्र्यावर नीतीचें बंधन नाहीं हें मान्य. पण तेवढ्यानें तें धन्यावरूनहि कसें उठतें, याचें उत्तर त्या ग्रंथांत मला सांपडलें नाहीं.

बळावर चालणाऱ्या या कळपाच्या कल्पनेला पुढें विद्वानांचाहि टेकू मिळाला. १९४७ मध्यें रुडोल्फ शेंकेल यानें बाझेल येथील प्राणिसंग्रहालयांतल्या लांडग्यांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. १९७० मध्यें अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक याच्या 'द वुल्फ' या ग्रंथानें कळपाच्या म्होरक्याला लावलेली 'आल्फा' ही संज्ञा लोकप्रिय केली. तेथून ती कुत्रीं पाळणाऱ्यांच्या घरांत शिरली, आणि धन्यानें कुत्र्याला उताणें पाडून धरावें म्हणजे तो त्याला म्होरक्या मानतो, असें पुस्तकांतून छापून येऊं लागलें. परंतु मेकनें पुढें उत्तर ध्रुवाजवळच्या एल्स्मिअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षें पाहिले, आणि १९९९ सालीं स्पष्ट लिहिलें कीं, रानांतला कळप हें एक कुटुंब असतें. म्होरके म्हणजे आईबाप. बाकीचीं त्यांचीं पोरें. एकमेकांस अनोळखी असलेले लांडगे एका आवारांत कोंडल्यावर जी मारामारी होते, ती लांडग्याची प्रकृति नव्हे. ती कोंडवाड्याची प्रकृति. आपल्या जुन्या ग्रंथाचें पुनर्मुद्रण थांबवावें म्हणून या ग्रंथकारानें प्रकाशकांची मनधरणी केली. आपलेंच नांवाजलेलें पुस्तक बाजारांतून उठावें म्हणून धडपडणारे लेखक आमच्या मराठींत किती निघतील, हा प्रश्न येथें अप्रस्तुत आहे म्हणून सोडून देतों.

आतां प्रायरबाईंकडे वळूं. त्यांची आणि मोस्टची भेट झाली असती तर निम्मा वेळ दोघांनीं एकमेकांस दुजोरा दिला असता आणि निम्मा वेळ कडाक्याचें भांडण केलें असतें. बाईंनीं हें शास्त्र कुत्र्यांवर मिळविलें नाहीं, हा त्यांच्या ग्रंथाचा मोठा लाभ आहे. १९६३ पासून हवाई बेटांतील एका सागरी उद्यानांत त्या डॉल्फिन शिकवीत होत्या. डॉल्फिनला पट्टा बांधतां येत नाहीं, त्याला छडी मारतां येत नाहीं, त्याच्यावर ओरडून उपयोग नाहीं. तुमचा राग त्याला आवडला नाहीं तर तो पोहत तळ्याच्या पलीकडच्या टोकाला जातो आणि विषय संपतो. हातांत एक शिटी आणि बादलीभर मासोळ्या, एवढ्या सामग्रीवर शिकवावयाचें. हवी ती हालचाल झाली त्याच क्षणीं शिटी वाजवावयाची आणि मागाहून मासोळी द्यावयाची. शिटीचा अर्थ प्राण्याला एकदां कळला कीं ती त्याच्याशीं बोलण्याची भाषाच होते. कुत्र्याच्या बाबतींत शिटीची जागा टिक्-टिक् वाजणाऱ्या पत्र्याच्या खेळण्यानें घेतली. स्किनरनें असें खेळणें वापरून कुत्रा शिकवितां येईल असें १९५१ मध्येंच लिहून ठेवलें होतें, परंतु लोकांच्या कानीं तें पडलें बाईंच्या लेखणीमुळें.

ग्रंथाचें नांव फसवें आहे. कुत्रा त्यांत पाहुण्यासारखा येतो आणि जातो. बाकी मांजर आहे, मुलें आहेत, नवरा आहे, टेनिसची फळी आहे, उद्धट बसचालकसुद्धां आहे. नांवाचा उगम चौथ्या प्रकरणांत आहे, आणि तेंच प्रकरण मला सर्वांत सरस वाटलें. नकोशी वागणूक बंद करण्याचे जगांत आठच उपाय आहेत, अशी बाईंची प्रतिज्ञा. पहिला उपाय, त्या प्राण्यालाच नाहींसा करणें. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याला गोळी घाला. तो पुन्हां कधीं भुंकणार नाहीं. याच सदरांत त्या अगदीं गंभीर चेहऱ्यानें घटस्फोट आणि नोकराला काढून टाकणें हेहि उपाय बसवितात, आणि वाचक हंसतां हंसतां एकदम थांबतो. कारण आपण आयुष्यांत हा पहिला उपाय किती वेळां वापरला तें त्याला आठवतें. दुसरा उपाय शिक्षा. तिसरा, त्रास देत राहणें आणि हवें तें झालें कीं तो थांबविणें. असें करीत करीत त्या शेवटल्या उपायापर्यंत येतात, तो म्हणजे वागणुकीचें कारणच बदलणें. कुत्रा रात्रीं भुंकतो कारण तो एकटा असतो. त्याला घरांत घ्या. उपाय इतका साधा आहे कीं तो आठवा कां, पहिला कां नाहीं, असें वाटावें. आणि तसें वाटावें हाच लेखिकेचा डाव आहे.

पण ग्रंथाचा प्राण दुसऱ्या उपायाच्या चर्चेंत आहे. शिक्षा बहुधा निष्फळ ठरते हें बाई दाखवितात. तें पूर्वींहि अनेकांनीं दाखविलें होतें. निष्फळ ठरूनहि माणूस ती कां सोडीत नाहीं, हा त्यांचा प्रश्न मात्र नवा, आणि त्याचें उत्तर झोंबणारें आहे: शिक्षा करण्याचें बक्षीस शिक्षा करणाराला मिळतें. हात उगारतांच समोरचा क्षणभर गप्प होतो, दबतो; आपला राग मोकळा होतो; वरचष्मा कोणाचा तें सर्वांना दिसतें. शिकणारा कांहीं शिको वा न शिको, शिकविणारा तेवढ्यांत एक गोष्ट पक्की शिकून जातो, कीं हात उगारणें बरें असतें.

हें वाचून मी पुस्तक मिटलें, त्याचें कारण सांगतों. चार वर्षांमागें माझ्या कन्येनें रस्त्यावरचें एक काळें पिलूं घरीं आणलें. आमच्या घरीं कुत्रें कधीं नव्हतें. दत्ताच्या तसबिरींतल्या चार कुत्र्यांना फूल वाहावें, खंडोबाच्या कुत्र्याला हात जोडावे, आणि दारांतल्या कुत्र्याला खडा मारावा, या परंपरेंत मी वाढलेला. पिलानें दिवाणखान्यांतल्या सतरंजीवर दोन वेळां घाण केली. मीं वर्तमानपत्राची घडी घातली आणि तिच्या पाठींत हाणली. नाकहि घाणीजवळ नेलें. आठ दिवसांत सतरंजी स्वच्छ राहूं लागली, आणि मीं घरांतल्या मंडळींना माझ्या पद्धतीचें यश ऐकविलें. तेव्हां कन्येनें मला पुस्तकांच्या कपाटामागें नेऊन तेथील दृश्य दाखविलें. "बाबा, तिनें घाण करण्याचें सोडलेलें नाहीं," ती म्हणाली. "तुमच्या समोर करण्याचें सोडलेलें आहे."

मोस्टच्या भाषेंत बोलावयाचें तर काळीनें अमुक जागा आणि दुःख असा संबंध जोडलाच नाहीं. मी आणि दुःख असा जोडला. पुढें कन्येनेंच तिला शिकविलें. जेवण झालें कीं, झोपेंतून उठली कीं, तिला अंगणांत न्यावयाचें, काम झालें कीं तेथल्या तेथें तोंडभर कौतुक आणि पोळीचा तुकडा. पंधरवडा लागला. त्यांत कोणतेंहि गूढ शास्त्र नव्हतें. माझ्या मनाला लागलें तें निराळेंच. वर्गांत मीं कधीं कोणावर हात टाकलेला नाहीं, याचा मला अभिमान असे. शाळांतून शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें बंदी केली तेव्हां मीं ती मनापासून वाखाणली होती. परंतु जीभ हीहि एक छडी आहे. एकदां एका विद्यार्थ्यानें शेक्सपिअरविषयीं भाबडा प्रश्न विचारला असतां मीं त्याची अशी रेवडी उडविली कीं सारा वर्ग खदखदून हंसला. तो विद्यार्थी पुढें वर्षभर मागच्या बांकावर बसला आणि त्यानें मला एकहि प्रश्न विचारला नाहीं. माझ्या वर्गांत शांतता चांगली असते असें सहकारी म्हणत. त्या हंशाचें बक्षीस कोणाला मिळालें, हें प्रायरबाईंचें पुस्तक वाचल्यावर मला कळलें.

म्हणून या ग्रंथाचें ऋण मी मानतों, आणि म्हणूनच त्याच्याविषयींची तक्रारहि मोकळेपणानें सांगतों. 'प्रबलन' हा मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला शब्द बाईंच्या हातीं सर्व कुलपांची किल्ली बनतो. मासोळी हें प्रबलन, शाबासकी हें प्रबलन, आईनें केसांवरून फिरविलेला हातहि प्रबलनच. त्या हाताचा परिणाम मोजतां येईल. पण परिणामासाठीं फिरविलेला हात आणि नुसताच फिरलेला हात यांतला भेद ज्या शास्त्राला दिसत नाहीं, त्याला आईविषयीं थोडें कमीच कळतें असें मी म्हणेन. हा दोष मात्र लहान आहे. मोठा दोष असा कीं, शिक्षेविरुद्ध बाईंचा सारा पक्ष फायद्याच्या पायावर उभा आहे. मारूं नका, कारण मारल्यानें काम होत नाहीं; गोडीनें घ्या, कारण गोडीनें काम लवकर होतें. बरें, आणि झालें तर? मोस्टचीं कुत्रीं काम करीत होतीं. पंतोजींच्या छडीखालून मोठमोठे विद्वान निघाले, आणि म्हातारपणीं त्या छडीचे गोडवेहि त्यांनीं गाइले. मार कधीं कधीं लागू पडतो, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. तो लागू पडेल त्या दिवशीं बाईंच्या ग्रंथांत कुत्र्याच्या बाजूनें बोलणारें कोण उरतें?

हा प्रश्न जेथें सर्वांत टोकदार होतो तो प्रांत आंधळ्यांच्या वाटाड्या कुत्र्यांचा. पहिल्या महायुद्धांत डोळे गमावलेल्या जर्मन सैनिकांसाठीं १९१६ मध्यें ओल्डेनबुर्ग येथें अशी पहिली शाळा निघाली. १९२३ मध्यें पॉट्सडॅमला दुसरी. पॉट्सडॅमची शाळा पाहून डोरोथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन बाईंनीं 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्यें लेख लिहिला. तो ५ नोव्हेंबर १९२७ च्या अंकांत आला. बाई स्वतः स्वित्झर्लंडमध्यें पोलिसांसाठीं आणि सैन्यासाठीं कुत्रीं पैदा करीत. लेखाला मथळा दिला तो बायबलांतल्या शब्दांवरून, 'पाहणारा डोळा' अशा अर्थाचा. नॅशव्हिल गांवच्या मॉरिस फ्रँक या आंधळ्या तरुणाला त्याच्या वडिलांनीं तो वाचून दाखविला. फ्रँकनें बाईंना पत्र धाडलें, १९२८ मध्यें तो स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नांवाची कुत्री घेऊन परतला. १९२९ च्या जानेवारींत अमेरिकेंतली पहिली शाळा निघाली आणि तिला त्या लेखाचेंच नांव मिळालें. इंग्लंडांत १९३१ मध्यें वॉलसी येथें चार कुत्र्यांवर असाच आरंभ झाला. मासिकांतल्या एका लेखानें एवढें काम केल्याचें उदाहरण, लेख लिहिण्याच्या उद्योगांत आयुष्य घालविलेल्या आम्हां मंडळींना उभारी देणारें आहे.

या कुत्र्याच्या कामाविषयीं लोकांची समजूत चुकीची असते. तो माणसाला घेऊन जात नाहीं. कोठें जावयाचें, कोठें वळावयाचें हें माणूस ठरवितो आणि आज्ञा देतो. रस्ता ओलांडण्याची वेळहि माणूसच वाहनांचे आवाज ऐकून ठरवितो. कुत्र्यानें पदपथाच्या कडेशीं थांबावें, खांब, खड्डे, सायकली चुकवाव्या. आणि स्वतःच्या डोक्यावरून सहज राहून जाणारी, पण माणसाच्या कपाळाला लागणारी फांदी ओळखून तीहि टाळावी. दुसऱ्याच्या उंचीचा विचार करणें ही गोष्ट उभ्या जन्मांत न जमलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत. पण या विद्येचा कळस पुढेंच आहे. माणूस म्हणाला 'चल', आणि त्याच क्षणीं त्याला न ऐकूं आलेली मोटार वळणावरून आली, तर कुत्र्यानें आज्ञा मोडावयाची असते. तो जागचा हलत नाहीं, प्रसंगीं आडवा उभा राहतो. या गुणाला इंग्रजींत जें नांव आहे त्याचा अर्थ समंजस अवज्ञा असा होतो.

आतां मोस्टनें सांगावें, ही अवज्ञा छडीनें कशी शिकवितां येईल? आज्ञाभंगाला दुःख जोडलें तर कुत्रा मोटारीखालीं जाईल आणि धन्यालाहि नेईल. ज्या शाळांचा वर उल्लेख केला त्या पहिल्या काळांत दोरीच्या हिसक्यापासून अलिप्त नव्हत्या, हें मी लपवीत नाहीं. अडथळ्याची ओळख तेथें पुष्कळदां हिसक्यानेंच करून दिली जाई. तरी शेवटली पायरी हिसक्याच्या हद्दीबाहेरची आहे. कुत्र्यानें 'नाहीं' म्हटलें तो क्षण शिक्षकानें ओळखावा लागतो आणि त्याचें कौतुक करावें लागतें. म्हणजे आपली आज्ञा मोडली गेल्याचा शिक्षकाला आनंद व्हावा लागतो. मोस्टच्या कळपांत म्होरक्याला असा आनंद होण्याची सोय नाहीं. मला वाटतें ती फार थोड्या घरांत आणि त्याहून थोड्या महाविद्यालयांत असते.

आपल्याकडे आंधळ्या माणसाबरोबर कुत्रा दिसणें विरळाच. आपल्याला परिचय आहे तो पोलिसांच्या कुत्र्यांचा. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या काळांत मुंबई पोलिसांच्या झंजीर नांवाच्या लॅब्रॅडोरनें तीन हजार किलोंहून अधिक स्फोटकें हुंगून काढल्याची नोंद आहे. २००० सालीं तो वारला तेव्हां त्याला सन्मानानें निरोप देण्यांत आला. अशा कुत्र्याला ती पेटी सांपडली म्हणजे काय मिळतें? बहुधा एक चेंडू, आणि तो फेंकणारा माणूस. स्फोटक म्हणजे काय हें त्याला ठाऊक नसतें. त्याच्या दृष्टीनें शहर वांचविणें हा एक खेळ असतो. कुत्र्याची आठवण जतन करणें आपल्याकडे नवें नाहीं. शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधि संगम माहुलीस आहे. मेलेल्या कुत्र्याला आपण समाधि देतों. जिवंत कुत्र्याला मारणाराला १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यानें पहिल्या अपराधाबद्दल दंड ठरविला तो दहा ते पन्नास रुपये.

प्रायरबाईंच्या ग्रंथांत जो पाया मला सांपडला नाहीं तो मीं अन्यत्र शोधला, आणि तो फार दूर नव्हता. महाभारताच्या शेवटीं युधिष्ठिराबरोबर कुत्रा असतो, हें आपल्या घरांतल्या पोराटोरांनाहि ठाऊक असतें. आरंभींहि एक कुत्रा आहे, हें बहुतेकांना आठवत नाहीं. जनमेजयाचें सत्र चालू असतां सरमेचा पोर तेथें येतो आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बडवितात. तो रडत आईकडे जातो आणि सांगतो कीं, मीं कांहींहि केलें नाहीं, हवीकडे पाहिलें नाहीं कीं तें चाटलें नाहीं. सरमा यज्ञमंडपांत येऊन विचारते, माझ्या मुलाचा अपराध नसतां त्याला कां मारलें? राजपुत्र कांहींच उत्तर देत नाहींत. अपराध्याचा चेहरा करणाऱ्या निरपराध कुत्र्याची ती प्रयोगांतली हकीकत वाचतांना मला हें पोरच आठवत होतें.

दुसऱ्या टोकाला, हिमालयांत, इंद्र युधिष्ठिराला नेमका फायद्याचा हिशेब सांगतो. कुत्रा सोड, रथांत बैस, स्वर्ग तयार आहे. कुत्र्याला तेथें जागा नाहीं. बायको आणि भाऊ वाटेंत सोडलेस, मग याचेंच काय एवढें? त्या कुत्र्यानें युधिष्ठिराचें कोणतेंहि काम केलेलें नाहीं. त्यानें वाट दाखविली नाहीं, राखण केली नाहीं. तो फक्त मागून चालत आला. युधिष्ठिर जें उत्तर देतो त्यांत 'आनृशंस्य' हा शब्द आहे. दया असें त्याचें भाषांतर करतात, पण तें अपुरें आहे. दया वरून खालीं उतरते. आनृशंस्य म्हणजे क्रूर न होणें, आणि तें समोरच्याच्या उपयोगावर किंवा गुणावर अवलंबून नाहीं. तो कुत्रा साक्षात् धर्म होता हें मागाहून कळतें. आणि मला नेहमीं वाटत आलें आहे कीं, तो नुसता कुत्राच निघाला असता तरी युधिष्ठिराच्या उत्तरांत एका अक्षराचाहि बदल झाला नसता.

प्रायरबाईंचा ग्रंथ मराठींत यावा अशी माझी इच्छा आहे. अनुवादकानें त्यांतलीं अमेरिकन उदाहरणें बदलूं नयेत. उद्धट बसचालक आपल्यालाहि कळतो. मोस्टचा ग्रंथ अभ्यासकांनीं इंग्रजींतच वाचावा, आणि त्याचा पूर्वार्ध दोनदां वाचावा. काळी आतां चार वर्षांची आहे. ती माझ्या खोलीच्या उंबऱ्याशीं निजते, हांक मारली तर शेपूट हलवीत येते, आणि कपाटामागची जागा केव्हांच विसरली आहे. माझ्या हातीं घडी घातलेलें वर्तमानपत्र दिसलें कीं मात्र अजून उठून जाते. तें मी हल्लीं गच्चीवर जाऊन वाचतों.